रास्ता रोको करणारा खुल्या बाजाराचा माणूस

मतं आणि माणसं : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण जहाल आणि मवाळ या जोडीपाशी थांबलो होतो. संमतिवयाच्या कायद्याला कडाडून विरोध करणाऱ्या टिळकांनीच १८९० मध्ये मुलींची लग्नं सोळा वर्षांआधी आणि मुलांची वीस वर्षांआधी करू नयेत, विधवांचं केशवपन होऊ नये, अशी कलमं सुधारकांपुढे ठेवली होती, हे अनेक वाचकांना नवं वाटलं. काहींनी विचारलं, ही जुन्या काळची गोष्ट झाली, आज पक्ष आणि विचारसरणी इतक्या स्पष्ट असताना असं होतं का? होतं. त्यासाठी आज शरद जोशींकडे पाहू.

जोशी टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत त्यांनी काही वर्षं काम केलं. ती नोकरी सोडून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते चाकणजवळ आंबेठाणला आले आणि कोरडवाहू शेती करू लागले. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी नाशिक भागात कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर आणि रेल्वेमार्गावर बसले, त्यानंतर निपाणीला तंबाखूचं आंदोलन झालं. सरकारविरुद्ध हजारो गरीब माणसं रस्त्यावर, तुरुंग भरलेले, पुढारी साध्या कपड्यांत. शहरात बसून हे वाचणाऱ्याच्या मनात 'डावा' हा शब्द आपोआप आला असणार.

डाव्यांना मात्र तसं वाटलं नाही. त्यांच्यातल्या अनेकांचा आक्षेप असा की ही बागायतदारांची चळवळ आहे. शेतमालाचा भाव वाढला की ज्याच्याकडे विकायला माल आहे त्याचा फायदा, आणि धान्य विकत घेऊन खाणाऱ्या शेतमजुराचं काय? हा प्रश्न खोटा नव्हता, आणि संघटनेला त्याचं उत्तर पुन्हा पुन्हा द्यावं लागलं. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतमालासह जागतिक व्यापार खुला करण्याचा डंकेल प्रस्ताव आला. देशभरातल्या डाव्या पक्षांनी, स्वदेशीवाल्यांनी आणि बऱ्याच शेतकरी नेत्यांनी त्याला गुलामगिरीचा करार म्हटलं. जोशींनी त्याचं स्वागत केलं. कालचा आंदोलक आज भांडवलदारांचा माणूस ठरला. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि दहा वर्षांनी शिवसेना व भाजपच्या पाठिंब्याने ते राज्यसभेत गेले, तेव्हा तर शिक्का पक्का झाला.

जोशी बदलले, असं म्हणून हा प्रश्न मिटवता येत नाही. त्यांची भूमिका आतून वाचली तर ती चकित करण्याइतकी सरळ आहे. शेतकरी गरीब का? शहरांना आणि कारखान्यांना स्वस्त अन्न आणि स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून शासन शेतमालाचे भाव पाडतं, म्हणून. निर्यातबंदी, जिल्हाबंदी, लेव्ही ही त्याची हत्यारं. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. विदर्भातल्या शेतकऱ्याला शेजारच्या राज्यात जास्त भाव दिसत असला तरी आपला कापूस तिकडे नेऊन विकणं त्याच्यासाठी गुन्हा होता. ज्याने हे पाहिलं त्याला रास्ता रोको आणि खुला बाजार या दोन टोकांच्या गोष्टी वाटत नाहीत. दोन्हींची मागणी एकच: शासनाने शेतकऱ्याच्या मानेवरून हात काढावा. डंकेल प्रस्तावाच्या वाटाघाटींत शेतीला मिळणाऱ्या सरकारी मदतीचा हिशेब मांडायची वेळ आली तेव्हा भारतातला आकडा उणे निघतो, म्हणजे शेतकऱ्याला मिळतं त्यापेक्षा त्याच्याकडून जास्त काढून घेतलं जातं, हे जोशी सांगत राहिले. त्यांचा खुल्या बाजाराचा आग्रह इथून आला होता. शेअर बाजाराकडे पाहून खुलीकरणाचं कौतुक करणाऱ्याशी त्यांचा निष्कर्ष जुळला, पण कारणं जुळत नव्हती. आणि माणूस पुढच्या प्रश्नावर काय म्हणेल ते निष्कर्षापेक्षा कारणांवरून जास्त कळतं.

ते पडताळून पाहायला ९ मार्च २०१० हा दिवस आहे. राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या बाजूने १८६ मतं पडली, विरोधात एक. ते एक मत शरद जोशींचं होतं. ज्यांनी एवढीच बातमी वाचली त्यांनी त्यांना स्त्रीविरोधी ठरवलं तर नवल नाही. पण याच माणसाच्या संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचं अधिवेशन भरवलं, आणि ज्यांनी कधी सभा पाहिली नव्हती अशा बायका खेड्यापाड्यांतून प्रचंड संख्येने तिथे आल्या. नंतरच्या 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमात शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करून द्यावा असं सांगितलं गेलं, आणि अनेक गावांत तसं झालंही. सातबाऱ्यावर बाईचं नाव चढवणं किती अवघड असतं हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

मग विरोध कशाला? त्यांचा आक्षेप राखीव मतदारसंघ फिरता ठेवण्याला होता. या निवडणुकीत राखीव असलेला मतदारसंघ पुढच्या निवडणुकीत खुला होणार. निवडून आलेल्या बाईने पाच वर्षं तिथे राबायचं आणि पुढच्या वेळी तिथलं आरक्षणच उठायचं. आपला मतदारसंघ बांधण्याची संधी तिला मिळणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला त्यांचं मतदान चुकीचं वाटतं. स्त्रियांनी इतकी वर्षं वाट पाहिल्यावर सदोष विधेयकही पुढे न्यायला हवं होतं. पण आक्षेपात तथ्य होतं. २०२३ च्या घटनादुरुस्तीत राखीव जागांची फेरपालट दर निवडणुकीऐवजी मतदारसंघांच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर करण्याची तरतूद आहे. ज्याने जोशींना एका शब्दात निकालात काढलं, त्याला त्या आक्षेपावर विचार करायची गरजच उरली नसती. शिक्क्याचं खरं नुकसान हे आहे, आणि ते मला फार मोठं वाटतं.

जोशींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या गेल ऑम्वेट यांचंही तसंच. अमेरिकेत जन्मलेल्या, मार्क्सवादात घडलेल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात आयुष्य घालवलेल्या या अभ्यासक फुले-आंबेडकरी विचारांच्या मोठ्या भाष्यकार होत्या. परित्यक्ता स्त्रियांच्या आणि पाणीवाटपाच्या चळवळींत त्या होत्या, आणि खुल्या अर्थव्यवस्थेचं समर्थनही करत होत्या. त्यांच्यासाठी शब्द शोधत बसण्यापेक्षा त्यांची पुस्तकं वाचणं सोपं आहे.

ही मोठी, वाचणारी-लिहिणारी माणसं. सामान्य मतदाराचं काय? अमेरिकन अभ्यासक फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये एक निबंध लिहिला, तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. १९५६ ते १९६० या काळात त्याच त्याच माणसांना तेच तेच प्रश्न विचारलेले होते. अनेकांची उत्तरं दोन वर्षांत बाजू बदलत होती, आणि एका प्रश्नावरच्या उत्तरावरून दुसऱ्यावरचं ओळखता येत नव्हतं. उदारमतवादी-परंपरावादी या चौकटीत सुसंगत विचार करणारे जेमतेम अडीच टक्के निघाले. लोकांना विचारसरणीच नसते, असा अर्थ त्यातून अनेकांनी काढला. मला तो अपुरा वाटतो. त्याच्या दोनच वर्षं आधी रॉबर्ट लेन यांनी एका अमेरिकन शहरातल्या पंधरा सामान्य पुरुषांशी तासन् तास बोलून पुस्तक लिहिलं होतं. त्यात प्रत्येकाच्या मतांना त्याच्या जगण्यातून आलेली वीण दिसते. चौकट अभ्यासकाने आणली असेल तर माणूस तिच्यात विस्कळीत दिसणारच.

आपल्याकडे ही वीण पाहायची तर कांद्याकडे पाहावं. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, आणि मे २०२४ मध्ये ती बंदी उठवली. या काळात लासलगावच्या बाजारात कांदा आणणारा शेतकरी म्हणत होता, सरकारने मध्ये पडू नये. सोयाबीनचा भाव पडला की सरकारने हमीभावाने खरेदी करावी असं म्हणणारा शेतकरीही हाच असू शकतो. दुसरीकडे, एरवी बाजाराच्या स्वातंत्र्यावर ठाम असलेला शहरातला नोकरदार कांदा महागला की निर्यातबंदीचं समर्थन करतो. दोघांना विसंगत म्हणण्याची घाई मी करणार नाही. शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे पिकाला लागलेला खर्च आहे, नोकरदाराच्या डोळ्यांपुढे महिन्याचा किराणा. दोघंही मतदानाच्या दिवशी एकाच चिन्हासमोरचं बटण दाबतील असंही होऊ शकतं, आणि निकालानंतर दोघांची गणना एकाच विचाराच्या मतदारांत होईल.

इथे एक उलटा प्रश्न उभा राहतो. शिक्का बाहेरून लागतो हे खरं, पण आपण तो स्वतःहून लावून घेतला की पुढे आपली मतं त्याच्यासारखी होऊ लागतात का? एखादी योजना आपल्या पक्षाची आहे एवढं कळल्यावर तीच योजना चांगली वाटू लागते का? जेफ्री कोहेन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमकं हेच तपासलं होतं. पुढच्या आठवड्यात तिथून सुरुवात करू.