भंगारात घालण्याआधी रंधा खोलून बघा

मुंबई उपनगर जिल्ह्यात नांगर-वखराची कामे सरली, तरी सुतारकाम सरलेले नाही. वेसावे, मढ या बंदरांवर लाकडी होड्यांची डागडुजी चालते. जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात पाडलेल्या जुन्या घरांचे सागवान विकायला येते. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या गावठाणांत अजूनही एखाद्या घराच्या माळ्यावर आजोबांची हत्यारांची पेटी निघते. गावाकडेही तीच गत. पेटीत करवत, पटाशी, वाकस आणि तळाला गंजून घट्ट झालेला लोखंडी रंधा! भंगारवाला तो किलोवर घेऊन जातो. हा व्यवहार बहुधा तोट्याचा ठरतो, कारण वरून दिसणाऱ्या गंजाने रंधा मरत नाही.

आपल्याकडचे जुने लोखंडी रंधे बहुतेक एकाच घडणीचे आहेत. लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराची ही रचना. त्याचा धंदा स्टॅन्ले कंपनीने १८६९ साली विकत घेतला. पुढे इंग्लंडातील शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीने १९३१ पासून त्याच धर्तीचे रंधे काढले आणि भारतीय कारखान्यांनीही तीच रचना उचलली. अंगावर ४ आकडा असेल तर तो हातरंधा, ५ असेल तर सुमारे १४ इंची, ७ असेल तर सुमारे २२ इंची. लांब रंधा फळीची कड सरळ करायला लागतो.

आधी तीन गोष्टी पाहाव्यात

पहिली, रंध्याचे अंग बिडाचे असते. बीड वाकत नाही, तडकते. पाते बाहेर येते त्या फटीच्या दोन्ही बाजूंना रॉकेलचा बोळा फिरवून पुसावे. तडा असेल तर तिथे तेलाची रेघ उमटते. दुसरी, पाते किती उरले आहे? पात्यातली लांब खाच धारेच्या अगदी जवळ आली असेल तर पाते संपले. तिसरी, सगळे स्क्रू जागेवर आहेत का? या स्क्रूंचे आटे वेगळ्या मापाचे असतात, बाजारातला साधा स्क्रू त्यात बसत नाही. पाते बदलता येते, स्क्रूही दुसऱ्या मोडक्या रंध्यातून काढता येतो. मात्र अंगच तडकले असेल तर खर्च करू नये.

खोलण्याची रीत

सांध्यांवर तेल सोडून रात्रभर ठेवावे. सकाळी वरची कळ उचलून दाबपट्टी काढावी, मग पाते बाहेर घ्यावे. पात्यावर दुसरी पट्टी मोठ्या स्क्रूने बसवलेली असते. स्क्रू सैल करून ती पट्टी आधी धारेपासून मागे सरकवावी, मगच फिरवून काढावी. नाहीतर धार दुखावते. त्यानंतर पाते ज्या तिरक्या ठोकळ्यावर टेकते, त्याचे दोन स्क्रू काढावेत. पाते खाली-वर करणाऱ्या पितळी चाकाचे आटे बहुधा उलटे असतात, तेव्हा जोर करण्याआधी दुसरीकडे फिरवून पाहावे. पेचकस खाचेत गच्च बसणारा हवा. सुटे भाग ओळीने फडक्यावर मांडावेत, म्हणजे जोडताना घोटाळा होत नाही.

गंज आणि धार

किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल दोन मोठे चमचे एक लिटर पाण्यात विरघळवून लोखंडी भाग त्यात काही तास बुडवावेत. अधूनमधून घासून पाहावे. दोन-चार दिवस तसेच ठेवले तर आम्ल लोखंडही खाते. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, लगेच कोरडे करून तेल लावावे. मूठ व पितळ या पाण्यात घालू नये. शिसवी मुठीला जवसाच्या तेलाचा हात पुरतो.

तळ सपाट करायला जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून घासावे. त्या वेळी पाते आत ओढून पण कसून बसवलेले असावे, कारण कसल्यावर तळाला किंचित ताण येतो. धार २५ ते ३० अंशांत लावावी आणि पात्याची पाठही धारेजवळ सपाट करावी. ग्राइंडरचा मोह टाळलेला बरा. पाते निळे पडले की त्याचे पाणी उतरले समजा! दगडावर पाणी किंवा तेल घालून सावकाश घासलेली धारच टिकते. वरची पट्टी धारेपासून सुमारे एक-दीड मिलिमीटर मागे आणि फट न ठेवता बसवावी. फट राहिली तर छिलका तिथे अडकतो आणि लाकूड उसवते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत दर कामानंतर तेलाचे फडके फिरवणे हाच खरा उपाय.

पंचायतीने काय करावे?

प्लायवुड आणि मशिनमुळे सुताराचे हातकाम घटले हे खरे. पण औताचा दांडा, खोऱ्याचा तुंबा, फुगलेला दरवाजा यासाठी वीज नसतानाही चालणारा रंधाच कामी येतो. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ कारागिरींत सुतारकाम आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिच्यात तरतूद आहे. पहिली पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे होते. नोंदणीची सध्याची स्थिती सेवा केंद्रात विचारून सरपंच व ग्रामसेवकांनी गावच्या सुतारांना तसे कळवावे.

नवी हत्यारे जरूर घ्यावीत. पण घरातली जुनी पेटी विकण्यापूर्वी एकदा गावच्या सुतारमामांना दाखवावी. घरात वापरणारे कोणी नसेल, तर काम शिकणाऱ्या पोराला ती द्यावी. किलोच्या भावाने मिळणारे पैसे आठवड्यात संपतात, नीट केलेला रंधा मात्र आणखी एक पिढी काम देतो.