‘तुम्ही’चं ‘तुम’ करू नका : दुकानदारासाठी सात-आठ भाषांतले गोड शब्द



दुकान टाकायचं म्हणून तुम्ही जागा बघता, डिपॉझिट ठरवता, फर्निचरवाल्याकडून कोटेशन घेता, जीएसटीसाठी सीएला फोन करता. हे सगळं वहीत लिहिलेलं असतं. पण गिऱ्हाईक दारात आलं की पहिलं वाक्य काय बोलायचं, हे कुणाच्या वहीत लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. त्या वाक्याला खर्च शून्य आहे आणि ते चुकलं तर गिऱ्हाईक भांडत नाही, नुसतं निघून जातं. म्हणजे नुकसान झालं हे तुम्हाला कळतही नाही.

माझं बॅगांचं दुकान वांद्र्यात, हिल रोडच्या आतल्या गल्लीत. या भागात एका दिवसात किती भाषा कानावर येतात ते बघा. चिंबईतून येणारी ईस्ट इंडियन आंटी, बाजार रोडवरचे गुजराती आणि उर्दू बोलणारे जुने शेजारी, मंगळुरी आणि गोव्याकडचे कोंकणी बोलणारे, पाली हिलवरचे सिंधी आणि पंजाबी. बीकेसीत अमेरिकन कॉन्सुलेट आहे आणि तिथे फक्त महाराष्ट्राचे नाही, तर गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोव्याचेही लोक व्हिसाच्या मुलाखतीला येतात. आणि सप्टेंबरमध्ये मोत माउलीची जत्रा, म्हणजे माउंट मेरीचा फेअर. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होतो आणि आठवडाभर हिल रोडवर पाय ठेवायला जागा नसते. सगळ्या धर्मांचे लोक येतात. चर्चच्या वाटेवर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकणाऱ्या बायका असतात ना, त्यांच्या स्टॉलजवळ दहा मिनिटं उभे राहा. हा फुकटातला सेल्स ट्रेनिंगचा क्लास आहे. त्यांना सगळ्या भाषा येतात असं नाही. त्यांना प्रत्येक भाषेतलं चार-पाच वाक्यांपुरतं येतं आणि तेवढंच लागतं.

२०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून जास्त लोक बोलतात अशा १२१ भाषा देशात नोंदल्या गेल्या. घाबरू नका, आपल्याला १२१ शिकायच्या नाहीत. तुमच्या काउंटरवर येतात त्यातल्या तीन पुरेत.

आधी हिंदी दुरुस्त करा

तुम्ही म्हणाल, हिंदी तर येते. येते, पण कुठली? आपल्या मराठी माणसाचा घोळ इथेच होतो आणि तो कुणी सांगत नाही.

मराठीत ‘तुम्ही’ हा आदराचा शब्द. सासऱ्यांना तुम्ही, साहेबांना तुम्ही. हिंदी बोलताना आपण त्याचं सरळ ‘तुम’ करतो. ‘काका, तुम बैठो, मैं दिखाता है.’ आपल्या डोक्यात आदर आहे, पण लखनौ किंवा अलाहाबादकडच्या साठीच्या गृहस्थाला ऐकू काय येतं? की हा पोरगा मला माझ्या धाकट्या भावासारखं बोलतोय. हिंदीत आदराचा शब्द ‘आप’ आणि क्रियापद ‘बैठिए’. गंमत म्हणजे गुजरातीतलं ‘तमे’ मात्र आपल्या ‘तुम्ही’सारखंच आदराचं आहे. तुम्ही, तमे, तुम. कानाला तिन्ही बहिणी वाटतात, पण तिसरीचा मान कमी आहे. मुंबईची टपोरी हिंदी मित्रांमध्ये मस्त वाटते, पिक्चरमध्ये तर फारच मस्त. काउंटरवर ती महाग पडते.

तुमच्याकडे उत्तर प्रदेशचा मुलगा कामाला असेल तर हे त्याच्याकडून शिका. तो ‘फिर आइएगा’ म्हणतो, ते ‘आइए’पेक्षाही एक पायरी नम्र असतं. बदल्यात त्याला ‘या, बसा’ शिकवा, कारण मराठीत तो काकूंना ‘ये, बस’ म्हणत असेल तर तोच प्रॉब्लेम उलटा झाला.

दक्षिणेच्या भाषांतही हीच शेपटी सांभाळायची. तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ये, ‘वांग’ म्हणजे या. तेलुगूत ‘रा’ आणि ‘रंडि’. कन्नडमध्ये ‘बा’ आणि ‘बन्नि’. बंगालीत ‘एशो’ आणि ‘आशुन’. पिक्चर बघून शिकलेला माणूस बहुतेक वेळा पहिलं रूप उचलतो, कारण पिक्चरमध्ये हिरो मित्राशी बोलत असतो. तुम्हाला दुसरंच पाठ करायचं आहे. पहिलं माहीत नसलं तरी चालेल.

‘कृपया’ सोडा, ‘जरा’ पकडा

इंटरनेटवर ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ला अमुक भाषेत काय म्हणतात असे तक्ते असतात. ते पाठ करून आलेला माणूस स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखा बोलतो. तुम्ही स्वतः आठवून बघा, शेवटचं ‘कृपया’ कुणाला तोंडाने म्हणालात? आपण म्हणतो, ‘जरा थांबता का?’, ‘सुट्टे आहेत का हो?’, ‘बघा ना.’ सगळी नम्रता त्या ‘जरा’त, ‘हो’त आणि ‘ना’त आहे.

आणि ही नुसती मराठीची सवय नाही. हिंदीतही ‘ज़रा’. तमिळमध्ये ‘कोंजम’, म्हणजे थोडंसं. ‘कोंजम इरुंग’ म्हणजे जरा थांबा. तेलुगूत ‘कोंचेम आगंडि’, कन्नडमध्ये ‘स्वल्प इरि’, बंगालीत ‘एकटु दाँडान’. सगळ्यांचा अर्थ ‘थोडंसं थांबा’. गुजरातीत काम शेवटच्या ‘ने’वर भागतं : ‘आपोने’ म्हणजे द्या ना. तर नव्या भाषेतला पहिला शब्द म्हणून धन्यवाद शिकू नका, ‘थोडं’ शिका. गर्दीत तीन गिऱ्हाइकं एकदम आली की याच शब्दावर दुसरं आणि तिसरं टिकून राहतं.

धन्यवादाला मी एकच अपवाद करतो. कोंकणीतलं ‘देव बरें करूं’. देव तुमचं भलं करो, असा त्याचा अर्थ, आणि गोव्याकडचे लोक ते रोजच्या बोलण्यात खरंच म्हणतात. वांद्र्यात ज्याचं दुकान आहे त्याने हे शिकलंच पाहिजे.

‘नाही’ म्हणायची पण एक पद्धत असते

नवीन दुकानात माल कमी असतो. त्यामुळे पहिल्या वर्षात तुम्ही सगळ्यात जास्त वेळा उच्चारणार तो शब्द ‘नाही’. तो एकटा सोडायचा नाही. ‘नाहीये’ आणि ‘आज संपलंय, उद्या येईल’ यांच्यात एका विक्रीचा फरक आहे. तमिळमध्ये नुसतं ‘इल्लै’ म्हणून थांबू नका, ‘नाळैक्कु वरुम’ जोडा, उद्या येईल.

इथे एक खड्डा आहे. मराठीत ‘काल’ म्हणजे झालेला दिवस. हिंदीतलं ‘कल’ आणि गुजरातीतलं ‘काले’ मागे-पुढे दोन्हीकडे चालतं. गुजराती मावशी ‘काले आवीश’ म्हणाल्या तर त्या उद्या येणार आहेत. तुमचा गावाकडून नुकताच आलेला पोरगा समजतो, त्या काल येऊन गेल्या. मग बाजूला ठेवलेली बॅग दुसऱ्याला विकली जाते. ऑर्डर घेताना वार विचारायचा : सोमवार की मंगळवार? भाषा कुठलीही असो, वार विचारला की भांडण होत नाही.

चेहरा बघून भाषा ठरवू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी स्टाफला अजिबात सूट देत नाही. फ्रॉक घातलेली आंटी आली म्हणून इंग्रजीत सुरू केलंत, तर ती चिंबईची किंवा रानवारची निघते आणि तुमच्यापेक्षा ठसक्यात मराठी बोलते. ईस्ट इंडियन लोकांची घरची बोली मराठीच आहे, हे मुंबईत राहून आपल्याला माहीत नसावं? बुरखा दिसला म्हणून उर्दू सुरू केलंत, तर त्या रत्नागिरीच्या कोकणी मुस्लिम निघतात. आणि सलूनमध्ये, हॉटेलांत काम करणारी मणिपूरची, मिझोरामची, नागालँडची मुलं-मुली दुकानात आली की काही जण गमतीत ‘नी हाओ’ म्हणतात. ती गंमत नाही. त्या मुलीला दिवसातून चार वेळा ‘तू इथली नाहीस’ असं ऐकवलं जातं, पाचवी वेळ तुमच्या दुकानातली नको.

मग सुरुवात कशाने करायची? मराठीने. ‘या, नमस्कार.’ सगळ्यांना. आपण मुंबईतले मराठी दुकानदार समोर कोण आहे हे न बघता हिंदीतच तोंड उघडतो, मग दोन मराठी माणसं दहा मिनिटं एकमेकांशी वाईट हिंदीत घासाघीस करतात. रोज बघतो मी हे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी लावावी लागते, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये त्यासाठी मुदतही दिली होती. पाटी लावली हे चांगलंच. पण पाटी मराठी आणि पाटीखालचा माणूस ‘बोलो, क्या चाहिए’, याला काय अर्थ आहे? ‘या, नमस्कार’ न समजणारा माणूस मुंबईत सापडणं कठीण. त्याचं उत्तर ज्या भाषेत येईल ती ऐका, आणि मग त्याच्याकडे वळा. मराठीने सुरुवात करणं आणि समोरच्याच्या भाषेत जाणं यांत भांडण नाही. या विषयावर शहरात बरंच तापतं, पण काउंटरवर मला तरी दोन्ही एकत्र चालताना दिसतं.

नात्याच्या शब्दांनाही हाच नियम. बंगाली माणसासाठी ‘दादा’ म्हणजे मोठा भाऊ, मुंबईत त्याला दुसरा वास येतो. ‘भैया’ हिंदीत प्रेमाचा शब्द आहे, पण या शहरात तो इतक्या वेळा तुच्छतेने वापरला गेलाय की मी तो टाळतो. ‘बाई’ शाळेत आदराची, सोसायटीत मोलकरणीची. शंका असेल तर ‘ताई’, ‘काका’, ‘सर’ यांत भागवा.

निरोप

आता माझा आवडता भाग. मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो, त्यातलाच प्रकार. आणि देशभर बघा. गुजरातीत ‘आवजो’, या परत. तमिळमध्ये ‘पोयिट्टु वांग’, जाऊन या. कन्नडमध्ये ‘होगि बन्नि’, तेलुगूत ‘वेळ्ळि रंडि’, तेच. बंगालीत ‘आबार आशबेन’, पुन्हा याल. मार्केटिंगवाले ज्याला रिपीट कस्टमर म्हणतात, त्याचं आमंत्रण आपल्या भाषांनी निरोपातच बसवून ठेवलंय. त्यामुळे ‘बाय’ म्हणून वाया घालवू नका. आणि काहीही न घेता निघालेल्यालाच हे आवर्जून म्हणा, घेतलेला तर तसाही खूश असतो.

व्हिसाच्या मुलाखतीला आलेल्या आणंदच्या किंवा नडियादच्या काकांचा विचार करा. सकाळपासून रांगेचं टेन्शन, आत बॅग नेता येत नाही, फोन नेता येत नाही, आजूबाजूला सगळे अनोळखी. अशा वेळी कुणी ‘आवो काका, बेसोने’ म्हटलं की खांदे खाली येतात. त्या दिवशी ते कदाचित काहीच घेणार नाहीत. पण मुलगा अमेरिकेला निघायचा असेल तेव्हा मोठ्या बॅगा लागतातच.

परदेशी गिऱ्हाइकांबद्दल दोनच गोष्टी. फ्रान्समध्ये दुकानात शिरणारा गिऱ्हाईकही आधी ‘बोंज्यूर’ म्हणतो, न म्हणणं उद्धटपणा समजतात. म्हणून त्यांना नमस्कार करण्याआधी थेट माल दाखवू नका. आखातातून आलेल्यांना ‘अहलन व सहलन’ आणि ‘शुक्रन’ एवढं पुरतं. बाकी इंग्रजी आहेच.

शिकायचं कसं

पंधरा दिवस काउंटरवर एक वही ठेवा. प्रत्येक गिऱ्हाईक कुठल्या भाषेत फोनवर बोललं त्याची रेघ मारा. घरच्या माणसाशी फोनवर बोलताना खरी भाषा कळते. पंधराव्या दिवशी वरच्या तीन भाषा निवडा आणि प्रत्येकीची पाच वाक्यं : या बसा, जरा थांबा, आज नाही उद्या येईल, सुट्टे आहेत का, परत या. बस्स. केंद्र सरकारचं ‘भाषिणी’ आहे, गुगल ट्रान्सलेट आहे, त्यातून कच्चं वाक्य काढा. पण ते गिऱ्हाइकावर वापरायच्या आधी ती भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्याला ऐकवा, कारण ही ॲप पुस्तकी वाक्य देतात. शेजाऱ्याला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवायला सांगा आणि ती स्टाफच्या ग्रुपवर टाका. लोक हे हौसेने करतात.

आणि ज्याला एकही भाषा जमत नाही त्याच्यासाठी : गिऱ्हाइकाचेच शब्द परत म्हणा. ‘निळी, दोन कप्प्यांची, चेन मोठी.’ नेदरलँड्समधल्या एका रेस्टॉरंटमध्ये रिक व्हॅन बारेन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला होता, २००३ मध्ये तो छापून आला. वेट्रेसने ऑर्डर शब्दशः परत म्हटली तेव्हा तिला टिप जास्त मिळाली. आपल्याकडे टिप नसते, पण चुकीची बॅग काढून दाखवायचे कष्ट तरी वाचतात.

एक अडचण येणारच. तुम्ही ‘वांग, उक्कारुंग’ म्हटलंत की समोरच्या अम्मा खूश होऊन धबधब्यासारखं तमिळ बोलायला लागतात आणि तुम्हाला घाम फुटतो. त्यासाठी सहावं वाक्य पाठ ठेवा : ‘एनक्कु तमिळ कोंजम दान तेरियुम’, मला तमिळ थोडंच येतं. गुजरातीत ‘मने थोडुंज गुजराती आवडे छे’. (हे ‘आवडे’ म्हणजे आवडणं नाही बरं का, येणं.) हे हसत म्हणा, त्याही हसतात आणि मग हळू बोलतात. सगळ्या वाक्यांचे उच्चार या आठवड्याच्या व्हिडिओत आहेत, ते ऐकूनच पाठ करा, नुसतं वाचून नको. तुमच्या काउंटरवरच्या तीन भाषा कुठल्या निघाल्या ते पंधरा दिवसांनी मला कळवा.