पोटरी चोळू नका
जत तालुक्यातला माणूस गुडघा बदलून घ्यायला निघाला की बहुधा मिरज गाठतो. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय उभारलं, तेव्हापासून या दुष्काळी पट्ट्याची दुखणी मिरजेच्याच वाटेला लागलेली. २०१७ मध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला, तेव्हा हे ऑपरेशन अशा घरांच्याही थोडं आवाक्यात आलं.

ऑपरेशन नीट पार पडतं, पेशंट घरी येतो. आणि मग घरच्यांची माया आड येते. आजीला बाजेवरून उठू देत नाहीत. चहा, जेवण सगळं जागेवर. पोटरी सुजली की सून कोमट तेलाची वाटी घेऊन चोळायला बसते. नेमकं हेच करायचं नसतं.

पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात ते पोटरीचे स्नायू. ते स्वस्थ पडले की खोलवरच्या शिरांत रक्त रेंगाळतं. त्यात ऑपरेशनची जखम भरायची म्हणून शरीरानं रक्ताला गोठायची जास्तच घाई लावलेली असते. त्यातून शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतू शकतं, आणि पोटरी रगडणं म्हणजे तिला धक्का देणंच. म्हणून तर हल्ली ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच वॉकर हातात देतात. पडल्यापडल्याही पावलं वर-खाली हलवत राहायची. न्हाणीपर्यंत धरून चालवलंत तर तीच खरी सेवा.

दुसरा आधार औषधाचा: पोटात टोचायचं हेपारिनच्या जातीचं इंजेक्शन, नाहीतर ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, ॲस्पिरिनसारखी गोळी. ॲपिक्साबॅन गुडघ्यासाठी साधारण १० ते १४ दिवस देतात, खुब्यासाठी ३२ ते ३८. ॲस्पिरिन स्वस्त खरी, पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत ९० दिवसांत त्रास देणाऱ्या गुठळ्या ॲस्पिरिनवर ३.४५ टक्के रुग्णांत आढळल्या, इंजेक्शनवर १.८२ टक्के. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवावं. पण ‘टाके निघाले, आता कशाला गोळी’ हा निर्णय घरात होऊ नये.

तो होतो, याचा दोष एकट्या घरच्यांना देववत नाही. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, आणि उमदी-संखकडच्या कित्येक घरांत बोलणं कन्नड. गोळी कधी थांबवायची ती तारीख डॉक्टरांकडून कार्डावर ठळक लिहून घ्या. मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी या औषधांसोबत रक्तस्राव वाढवू शकते. शौचाला काळं झालं तर लगेच डॉक्टरांना फोन लावा. एकाच पायाची पोटरी टणक, गरम होऊन दुखायला लागली, तर त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर १०८ला फोन करा, मग रात्र असो की पहाट.