उंच फुलझाडं लोळतात का, आणि त्यांना उभं कसं ठेवायचं

भिलाईच्या स्मृति नगरमधून मी तुमच्याशी बोलतेय. आजचा विषय निशिगंध, शेवंती, डेलिया, ग्लॅडिओलस आणि कर्दळीचा. वर्षानुवर्षं बागेत राहणारी, उंच वाढणारी आणि ऐन फुलांच्या वेळी आडवी होणारी ही सगळी मंडळी.

आमच्याकडे हा प्रश्न दरवर्षी त्याच दिवसांत येतो. घरोघरी महालक्ष्म्या बसायच्या असतात, निशिगंधाचे दांडे कळ्यांनी भरलेले असतात, आणि बंगालच्या उपसागरावरून आलेला एखादा पाऊस रात्रभर झोडपून जातो. सकाळी बघावं तर दांडे चिखलात. उन्हाळ्यात लावलेला गड्डा, चार महिन्यांचं पाणी, सगळी मेहनत जमिनीवर. शेजारच्या एक काकू मला म्हणाल्या, "आता गुडघे वाकत नाहीत, रोज कोण बांधत बसणार? पुढच्या वर्षी उंच झाडंच नकोत." म्हणून आज मुद्दाम सांगते: काठी हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधीची चार कामं वेळेवर केली, तर बांधाबांध अगदी थोडी उरते.

झाड पडतं म्हणजे नेमकं काय होतं?

दोन वेगळ्या गोष्टी होतात. कधी दांडा वाकतो, तर कधी दांडा सरळ राहून मुळासकट अख्खं झाड कलतं. पडलेल्या झाडाकडे आधी नीट बघा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आधी दांड्याचा हिशोब बघू. टोकावरचं वजन तेच ठेवून दांड्याची उंची दुप्पट केली, तर तो दुप्पट नाही, आठपट वाकतो. म्हणजे उंची फक्त पाचव्या भागाने कमी केली, तरी वाकणं जवळजवळ निम्म्यावर येतं. जाडीचं गणित याहून आपल्या फायद्याचं आहे. दांडा दहा टक्के जाड झाला, तर त्याचा ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर मात्र चौपट होतो. डबल फुलाच्या पाकळ्यांत पावसाचं पाणी साचतं, तेव्हा टोकावरचं वजनही वाढतं. वारा आणि पाऊस आपल्या हातात नाहीत. उंची आणि जाडी बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत.

पोलादाच्या गावात राहणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला नको. तेवढ्याच लोखंडाची भरीव सळई आणि पोकळ पाइप घेतला, तर पाइप कमी वाकतो. डेलियाचा दांडा असाच पोकळ असतो, म्हणून तो एवढं मोठं फूल पेलतो. पण पाइप एका जागी चेपला की तिथेच मोडतो. म्हणून डेलिया हळूहळू झुकत नाही, थेट काडकन मोडतो. त्याला आधार आधीच हवा.

पहिलं काम: ऊन आणि अंतर

सावलीतलं झाड उजेड शोधत लांबत जातं. पेरं लांब होतात, दांडा बारीक राहतो. दाटीतही हेच होतं. शेजारच्या पानांवरून आलेल्या उजेडाचा रंग बदललेला असतो. तो झाडाला कळतो आणि ते शेजाऱ्याच्या वर जायला धावतं. म्हणून निदान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा द्या. डेलियात ६० सेंटिमीटर, शेवंतीत ३० आणि निशिगंधात २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. कंपाउंडच्या भिंतीला चिकटून लावलेलं झाड एकाच बाजूला झुकतं. ते भिंतीपासून हातभर पुढे घ्या.

मोकळ्या हवेचा आणखी एक फायदा आहे. वाऱ्याने हलणारं झाड बुटकं आणि जाड होतं. १९७३ मध्ये मार्क जॅफ या शास्त्रज्ञाने या प्रतिसादाला 'थिग्मोमॉर्फोजेनेसिस' असं नाव दिलं. नाव विसरलात तरी चालेल, पण रोपाला अगदी घट्ट जखडून ठेवू नका एवढं लक्षात ठेवा. थोडं डोलू द्या, त्यातूनच त्याला ताकद येते.

दुसरं काम: खाऊ घालताना हात आखडता

छत्तीसगढला 'धान का कटोरा' म्हणतात. भाताचं पीक लोळलं म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्याला विचारावं. जुन्या उंच जातींना नत्र जास्त दिलं की त्या भरघोस वाढायच्या आणि कणसाच्या वजनाने झोपायच्या. १९६६ मध्ये फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ ही बुटकी जात आणली. इंडोनेशियाची उंच 'पेटा' आणि तैवानची बुटकी 'डी-जिओ-वू-जेन' यांचा तो संकर होता. आखूड दांड्यामुळे ती जास्त खत खाऊनही उभी राहिली.

आपल्या बागेला हाच धडा लागू आहे. युरिया, ताजं शेण, दर आठवड्याला खळीचं पाणी यांनी झाड हिरवंगार दिसतं, पण दांडा मऊ आणि पाणीदार राहतो. लावताना चांगलं कुजलेलं शेणखत द्या आणि कळ्या धरायच्या आधी पोटॅश द्या. लाकडाची राख मूठभर चालते. दगडी कोळशाची राख नको, तिच्यात झाडाच्या कामाचं पोटॅश जवळपास नसतं. काळ्या कन्हार मातीत लाकडाची राखही बेतानेच, कारण ती माती मुळात अल्कधर्मी असते.

तिसरं काम: मुळं खोल न्या

मुळासकट कलणाऱ्या झाडाचा रोग जमिनीत असतो. घर बांधताना अंगणात मुरमाचा भराव टाकतात आणि वर वीतभर माती पसरतात. मुळं तेवढ्याच मातीत फिरतात. म्हणून वाफा निदान दीड फूट खणून मुरूम काढा. रोज शिंतोडे मारण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर पाणी द्या, म्हणजे मुळं पाण्यामागे खाली जातात. पावसाळ्यात पाणी साचू देऊ नका, भिजून चिखल झालेली माती मूळ धरून ठेवत नाही. ग्लॅडिओलसचा कंद ८ ते १० सेंटिमीटर खोल लावा आणि रोप वीतभर झालं की बुंध्याला मातीची भर द्या. ती भर म्हणजे फुकटचा आधार.

चौथं काम: शेंडा खुडणं

इंग्लंडमध्ये मे महिन्याच्या अखेरीस, चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास, बारमाही झाडं तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत छाटतात. त्याला 'चेल्सी चॉप' म्हणतात. झाड बुटकं आणि फांदेदार होतं, फुलं थोडी उशिरा आणि थोडी लहान येतात, पण उभी राहतात. आपल्याकडे हे काम शेवंतीवर करायचं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फुटवे बोटभर वाढले की पुन्हा खुडा. ऑगस्ट संपला की हात आवरा. रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंती कळ्या धरते. त्यानंतर खुडलं तर फुलंच जातील.

निशिगंध आणि ग्लॅडिओलस यांचा शेंडा मात्र कधीही खुडू नका. त्यांचा एकच दांडा असतो आणि तोच फुलाचा असतो. तिथे जात निवडताना विचार करा. डबल निशिगंध दिसायला भरगच्च, पण वजनाला भारी. वाऱ्याच्या जागी सिंगल बरा. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'शृंगार' ही सिंगल जात मजबूत दांड्यासाठी ओळखली जाते.

आता काठी

इतकं करूनही डेलियाला आणि मोठ्या फुलांच्या शेवंतीला आधार लागतोच. काही नियम सांगते.

काठी लागवडीच्या वेळीच रोवा. नंतर रोवली तर ती डेलियाच्या कंदातून आरपार जाते. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, वीतभराहून खोल रोवा. उंची झाडाच्या पूर्ण उंचीच्या दोन तृतीयांश पुरे.

सुतळी काठीला घट्ट आणि झाडाला सैल बांधा. मधे पीळ देऊन इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फास करा. आपला मराठी ८ नव्हे, त्याला दुसरं वेटोळंच नसतं! जुन्या सुती साडीच्या पट्ट्या सर्वांत चांगल्या, त्या दांडा कापत नाहीत. तार वापरू नका. सुतळी पावसात कुजते, म्हणून गणपतीच्या आधी एकदा ओढून बघा.

निशिगंधाच्या वाफ्यात प्रत्येक दांड्याला काठी लावत बसू नका. चार कोपऱ्यांना चार बांबू रोवा आणि गुडघ्याच्या उंचीवर सुतळीची आडवी-उभी जाळी विणा. दांडे चौकटींतून आपोआप वर येतात. फुलशेतीत जाळी लावतात ती याच तत्त्वावर. एकदा वाकायचं, मग हंगामभर सुट्टी. काकूंना मी हेच सुचवलं.

आणि प्रत्येक काठीच्या टोकाला बाटलीचं झाकण बसवा. खाली वाकताना बांबूचं टोक डोळ्यात जाऊ शकतं. फुलापेक्षा डोळा मोलाचा.

पडलंच तर?

त्याच दिवशी उचला. आडव्या दांड्याच्या पेशींमधले पिठाचे कण खालच्या बाजूला बसतात, त्यावरून झाडाला 'खाली कुठे' ते कळतं. मग वाढीचं संप्रेरक खालच्या बाजूला जमतं आणि शेंडा वर वळतो. एका रात्रीत हे वळण दिसू लागतं. दोन दिवसांनी दांडा सरळ बांधलात, तर वळलेला शेंडा वेडावाकडा दिसेल. उशीर झालाच, तर त्याला आहे त्या वळणात टेकू द्या. मोडलेला दांडा मोडाच्या खालच्या पेरावर स्वच्छ कापा. निशिगंधाचा मोडलेला दांडा पाण्यात ठेवा, वरच्या बऱ्याच कळ्या उमलतात. महालक्ष्म्यांपुढे त्याही शोभतात.

या आठवड्याचं काम एवढंच: बागेत जा, झुकलेलं एक झाड निवडा आणि बघा, दांडा वाकलाय की मूळ हललंय? उत्तर मिळालं की यातला कोणता उपाय तुमचा, ते कळेल. पुढच्या भागात डेलियाचे कंद उन्हाळ्यात जपायचे कसे, ते बघू.