हरितलवकातला जनुक आणि आपली कपाशी



बीटी कपाशी आपल्या देशात २००२ साली आली. तिच्यात परका जनुक घातला तो पेशीच्या केंद्रकात. म्हणून तो परागकणांतून शेजारच्या कपाशीतही जातो. बिगर-बीटी सरळ वाण जपणाऱ्याची नेमकी हीच तक्रार असते.

आता दुसरी वाट समजून घ्या. पानाला हिरवेपण देणारे बारीक कण म्हणजे हरितलवक. झाडाची ही चूलच म्हणा ना! या कणांजवळ स्वतःचे वेगळे जनुक असतात. पानाच्या एका पेशीत शंभरापर्यंत हरितलवक आणि प्रत्येकात जनुकसंचाच्या शंभरेक प्रती, म्हणजे हिशेब दहा हजारांच्या घरात जातो. १९९० साली तंबाखूत हे साधले. सूक्ष्म धातुकणांवर जनुक चिकटवून ते पानावर बंदुकीसारखे झाडायचे आणि त्या तुकड्यापासून अख्खे रोप वाढवायचे. २००१ साली तंबाखूच्या पानात विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी ४५ टक्क्यांवर बीटीचे प्रथिन मिळाले.

शिवाय बहुतेक पिकांत हरितलवक मादी झाडाकडूनच येतो, परागातून नाही. (लसूणघास अपवाद.) मात्र सांडलेली सरकी आणि जिनिंगमधली भेसळ याने थांबत नाही.

कपाशीत हे २००४ साली जमले. मग बोंडअळी संपली का? माझे मत विचाराल तर घाई नको. हरितलवकाचा जोर हिरव्या पानात, आणि शेंदरी बोंडअळी बसते बोंडात, खाते सरकी. तिथे हा जनुक मंदावतो. पाने खाणाऱ्या किडीला मात्र भारी पडेल. २०१५ साली जर्मन शास्त्रज्ञांनी बटाट्याच्या पानावरचा भुंगेरा असाच मारून दाखवला.

औषधाची बाजू मला अधिक आशेची वाटते. मदुराईच्या विद्यापीठात शिकलेले हेन्री डॅनियल अमेरिकेत लेट्यूसच्या पानात औषधी प्रथिने तयार करतात. हिमोफिलियात रक्त गोठण्यासाठी टोचलेल्या औषधावरच कधी कधी शरीर उलटते. अशी पाने सुकवून केलेली भुकटी आजारी कुत्र्यांना चारल्यावर हे उलटणे बरेच रोखता आले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. सुक्या भुकटीला शीतपेटीही लागत नाही.

असे बियाणे आपल्या बाजारात एकही नाही. ज्वारी-गव्हासारख्या पिकांत तर प्रयोगशाळेतही हे अजून नीट बसलेले नाही. तेव्हा खरिपाच्या तोंडावर कोणी 'नव्या तंत्राची, तणनाशक सोसणारी कपाशी' म्हणून बिनबिलाची पाकिटे गावात आणली, तर पाकीट आणि लॉट नंबर जपून ठेवा व पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. ग्रामसेवक, सरपंच मंडळींनी ही सूचना चावडीवर लावली तर बरे.