एकोणचाळीस आठवड्यांची मर्यादा

नऊ महिने नऊ दिवस हा गर्भारपणाचा हिशेब मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. दिवस मोजून पाहिले तर तो २८० च्या जवळपास येतो, आणि वैद्यकशास्त्राचे चाळीस आठवडे म्हणजेही २८० दिवसच. अमेरिकेत मात्र गेल्या शतकाच्या अखेरीस ही मोजणी हळूहळू आखडत गेली. सदतीस आठवडे भरले की बाळ ‘पूर्ण दिवसांचे’, अशी वैद्यकीय व्याख्या तेव्हा रूढ होती. तिचा सोयीस्कर अर्थ असा लावला गेला, की त्यानंतर प्रसूती केव्हाही उरकली तरी बिघडत नाही. मग तारखा ठरू लागल्या. कुणाच्या पतीला नोकरीनिमित्त परगावी जायचे असे, कुणाची आई दूरच्या प्रवासाने येऊन मोजके दिवस राहणार असे, कुणाच्या डॉक्टरांची सुटी जवळ आलेली असे. आई व बाळ दोघेही निरोगी असताना औषधाने कळा आणून किंवा सिझेरियन करून बाळ दोन-तीन आठवडे आधीच जगात आणले जाई.

हे योग्य नाही, हे ठाऊक नव्हते असे नाही. वैद्यकीय कारणाशिवाय ३९ आठवड्यांपूर्वी प्रसूती करू नये, असा सल्ला तेथील प्रसूतितज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना १९७९ पासून देत आली होती. तरीही तो बहुधा कागदावरच राहिला. कारण साधे होते. एका डॉक्टरच्या हातून अशा प्रसूती झाल्या, तरी बहुतेक बाळे ठणठणीत घरी जात. एखाद्याला श्वासाचा त्रास झालाच, तर ते बालरोगतज्ज्ञांच्या स्वाधीन होई आणि प्रसूती करणाऱ्याच्या नजरेआड जाई. अनुभव खोटे बोलत नव्हता, पण तो अपुरा होता. हानी दिसायची तर हजारो जन्म एकत्र मांडावे लागणार होते.

ते २००९ मध्ये घडले. पूर्वी सिझेरियन झालेल्या आणि पुन्हा ठरवून सिझेरियन केलेल्या १३,२५८ स्त्रियांचा अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३५.८ टक्के शस्त्रक्रिया ३९ आठवड्यांपूर्वी झाल्या होत्या. श्वसनाचा त्रास, रक्तातील साखर उतरणे, जंतुसंसर्ग, अतिदक्षता विभागात दाखल करावे लागणे अशा तक्रारींचे प्रमाण सदतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळांत १५.३ टक्के, अडतिसाव्यात ११ टक्के आणि एकोणचाळिसाव्यात ८ टक्के आढळले. एकेका आठवड्याने एवढा फरक पडत होता. या अखेरच्या दिवसांत गर्भाची फुप्फुसे हवेसाठी सिद्ध होत असतात, यकृताची तयारी होत असते, दूध ओढण्याची व अंगाची ऊब टिकवण्याची शक्ती येत असते. मेंदूचे सांगायचे तर पस्तिसाव्या आठवड्यात त्याचे वजन चाळिसाव्या आठवड्याच्या सुमारे दोन तृतीयांश इतकेच असते.

मातांना याची कल्पना कितपत होती? त्याच वर्षीच्या एका पाहणीत, बाळ कोणत्या आठवड्यापासून निर्धोकपणे जन्माला येऊ शकते या प्रश्नाला निम्म्याहून अधिक मातांनी चौतीस ते छत्तीस आठवडे असे उत्तर दिले होते.

बदलाची वाट यूटा राज्यात आधीच सापडली होती. इंटरमाउंटन हेल्थकेअर या संस्थेच्या नऊ शहरी रुग्णालयांनी २००१ मध्ये आपापली आकडेवारी एकत्र ठेवली. ठरवून केलेल्या प्रसूतींपैकी २८ टक्के ३९ आठवड्यांपूर्वीच्या निघाल्या. सर्वांनी मिळून नियम कडक केल्यावर सहा महिन्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आले आणि सहा वर्षांनंतरही ते ३ टक्क्यांच्या आत होते.

नियम कडक करणे म्हणजे नेमके काय, हे एचसीए या मोठ्या रुग्णालय-समूहाच्या सत्तावीस रुग्णालयांनी केलेल्या तुलनेतून कळते. काही ठिकाणी डॉक्टरांना केवळ माहिती दिली गेली. काही ठिकाणी नियम केला, पण तो पाळणे डॉक्टरांच्या विवेकावर सोडले. उरलेल्या ठिकाणी मात्र नियम रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिला. वैद्यकीय कारण नसेल तर वेळच द्यायची नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके होते. केवळ माहिती देऊन प्रमाण १०.९ वरून ६ टक्क्यांवर आले. विवेकावर सोडले तेथे ते ८.४ वरून ३.३ वर आले. कर्मचाऱ्यांनी अडवले तेथे मात्र ८.२ वरून थेट १.७ टक्क्यांवर. म्हणजे ज्ञानाहून नोंदवही प्रभावी ठरली. प्रसूतिकक्षाची वेळ नोंदवणाऱ्या परिचारिकेला ज्येष्ठ डॉक्टरांना नकार देणे सोपे नसते. तिच्या पाठीशी लेखी नियम आणि विभागप्रमुख उभे राहिले, तेव्हा तो नकार तिचा एकटीचा राहिला नाही. त्या सत्तावीस रुग्णालयांत पूर्ण दिवसांची म्हणून जन्मलेली जी बाळे अतिदक्षता विभागात जात, त्यांचे प्रमाण १६ टक्क्यांनी घटले, आणि थांबण्यामुळे मृत जन्म वाढतील ही भीती निराधार ठरली.

तरी एकट्या रुग्णालयाची अडचण उरतेच. त्याने नाही म्हटले, तर कुटुंब शेजारच्या रुग्णालयात जाणार. शिवाय नवजात अतिदक्षता विभाग हा उत्पन्नाचा मोठा मार्ग असतो, हेही विसरून चालत नाही. म्हणूनच एकत्र येण्याला महत्त्व आले. ओहायोत २००८ मध्ये वीस रुग्णालये एकत्र आली. पोलिओशी लढण्यासाठी १९३८ मध्ये स्थापन झालेली आणि लस आल्यावर नवजात बालकांच्या आरोग्याकडे वळलेली ‘मार्च ऑफ डाइम्स’ ही संस्था पुढे सरसावली. तिच्या पुढाकाराने कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, इलिनॉय, न्यूयॉर्क आणि टेक्सास या पाच राज्यांतील पंचवीस रुग्णालयांनी एकच पद्धत स्वीकारली आणि दर महिन्याचे आकडे परस्परांपुढे ठेवले. पहिल्या महिन्यात २७.८ टक्के असलेले प्रमाण बाराव्या महिन्यात ४.८ टक्के झाले. पुढे लीपफ्रॉग या संस्थेने रुग्णालयवार आकडे जाहीर करण्यास आरंभ केला, तेव्हा लोकलज्जेचाही हातभार लागला. २०१० मध्ये १७ टक्के असलेली सरासरी २०१३ मध्ये ४.६ टक्क्यांवर उतरली. त्याच वर्षी ‘पूर्ण दिवस’ या शब्दाचीही दुरुस्ती झाली. ३९ आठवड्यांपूर्वीचे बाळ आता पूर्ण दिवसांचे म्हटले जात नाही.

याचा अर्थ वाट पाहणे नेहमीच हितकर, असा नव्हे. आईचा रक्तदाब वाढला, बाळाची वाढ खुंटली, तर लवकर प्रसूती करणे हाच उपचार असतो, आणि या सर्व नियमांत त्याला मोकळीक आहे. उलट २०१८ मध्ये सहा हजारांहून अधिक प्रथम मातांच्या अभ्यासात असे दिसले, की ३९ आठवडे भरल्यावर कळा आणल्या तर सिझेरियनचे प्रमाण किंचित कमीच राहते. आक्षेप ठरवून केलेल्या प्रसूतीला नाही, घाईला आहे.

महाराष्ट्रात ही घाई पुष्कळदा मुहूर्ताच्या रूपाने येते. उत्तम नक्षत्राची तारीख आणि वेळ घेऊन कुटुंब डॉक्टरांपुढे बसते. भारतात खासगी रुग्णालयांतील जवळपास निम्मे जन्म, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार ४७.४ टक्के, सिझेरियनने होतात. त्यामुळे तारीख निवडण्यास वाव मिळतो. अशा वेळी पंचांगाआधी पाहावयाचा कागद म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. आठवड्यांची मोजणी तिच्यावरूनच सर्वांत अचूक ठरते. पाळीच्या तारखेत दहा दिवसांची चूक असली, तर अडतिसावा समजून गाठलेला आठवडा प्रत्यक्षात सदतिसावाही पूर्ण झालेला नसतो. लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाणाऱ्या आजी-आजोबांनी परतीचे तिकीट काढतानाही दोन-तीन आठवड्यांची सवड ठेवावी, म्हणजे तिकिटाच्या तारखेसाठी प्रसूती पुढे ओढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.