‘आणि’ व ‘किंवा’

बेळगाव-निपाणी भागातील मराठी घरांस एक जुना नियम ठाऊक असावयास हवा. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने असे ठरविले की, मुलांची मातृभाषा राज्यभाषेहून भिन्न असेल आणि ती बोलणारे निदान ४० विद्यार्थी साऱ्या शाळेत किंवा निदान १० विद्यार्थी एका वर्गात असतील, तर त्यांस मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देण्यासाठी किमान एक शिक्षक नेमावा. १९५६ साली हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्यपुनर्रचनेच्या वेळी भाषिक अल्पसंख्याकांस जी आश्वासने मिळाली, त्यांतही ही अट कायम होती.

हाच नियम आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांस पायथन या संगणकभाषेत मांडावयास दिला. आज्ञावलीला, म्हणजे मुलांच्या बोलीतील प्रोग्रॅमला, आकडे द्यावयाचे आणि शिक्षक मिळावा की नाही हे तिने सांगावयाचे. काम सोपे वाटले होते. पण पहिल्याच दिवशी दोन शाळांचे शिक्षक गेले!

या शाळा अर्थातच कल्पनेतल्या. एकीत पाच वर्गांत मिळून ४४ मराठी मुले, पण एकाही वर्गात नवाहून अधिक नाहीत. दुसरीत एकूण ३१, परंतु पहिलीत १२. नियमाप्रमाणे दोघींनाही शिक्षक मिळावयास हवा. एका विद्यार्थ्याने आधी विचारले, ‘एकूण ४० आहेत का?’ उत्तर होकारार्थी आल्यास त्याच्या पोटात दुसरा प्रश्न, ‘वर्गात १० आहेत का?’ पायथनमध्ये पोटातली अट उजवीकडे सरकवून लिहावी लागते, म्हणून लिखाण जिन्यासारखे दिसू लागते. जिन्याच्या तळाशी पोहोचावयाचे तर प्रत्येक पायरी उतरावी लागते. म्हणजेच अटीच्या पोटात अट घातली की ‘किंवा’ जाऊन तेथे ‘आणि’ येतो. दोन्ही शाळांस नकार मिळाला.

दुसऱ्या मुलीने नियम उलटा करून पाहिला: ‘एकूण ४० हून कमी किंवा वर्गात १० हून कमी असल्यास शिक्षक नाही.’ कानाला हे अगदी बरोबर लागते. आम्हीही क्षणभर फसलो, हे कबूल करावयास हवे. ‘हो’चा ‘नाही’ करताना मधला ‘किंवा’ही पालटून ‘आणि’ करावा लागतो: दोन्ही संख्या कमी असतील तरच नकार. हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. युरोपातील मध्ययुगीन तर्कशास्त्र्यांस तो पूर्वीच अवगत होता, ही गोष्ट निराळी. मौज अशी की, डी मॉर्गनचा जन्म १८०६ साली आपल्याच देशात, मदुराईस झाला.

आणखी एक खळगा होता. ‘भाषा भिन्न आणि एकूण ४० किंवा वर्गात १०’ असे एका ओळीत लिहिले, तर पायथन ‘आणि’ने जोडलेले आधी एकत्र धरते. मग ‘वर्गात १०’ ही अट सुटी पडते आणि ज्यांची मातृभाषा राज्यभाषाच आहे अशा दहा मुलांच्या वर्गासही वेगळा शिक्षक मिळतो. कंस घालून हे टळते. पण आम्हांस अटीला नाव देणे अधिक आवडते. आमची घरची भाषा कोंकणी. तीत ‘पावस आयलो जाल्यार’ असे म्हणताना सगळी अट सांगून झाल्यावर मग ‘जाल्यार’ येते. आज्ञावलीतही तसेच करावे: अट आधी पुरी करून तिला नाव द्यावे, मग निर्णय घ्यावा.

अखेर फळ्यावर हे उरले:

भाषा भिन्न नसेल, तर ‘नाही’ सांगून येथेच थांब.
पुरेशी संख्या = एकूण निदान ४० किंवा एका वर्गात निदान १०.
पुरेशी संख्या असेल तर ‘हो’, नसेल तर ‘नाही’.

जिना गेला, ओळी तीनच राहिल्या. त्या पायथनमध्ये उतरवून आम्ही ४४ व ३१ मुलांच्या शाळा पुन्हा तपासल्या; दोघींनाही शिक्षक मिळाला. मग मागल्या बाकावरून कोणी सुचविले की, बरोबर ४० मुले घालून पाहावीत. वर्ग दहा-दहाचे नकोत म्हणून आठ-आठांचे पाच केले. उत्तर आले, ‘नाही’. ‘निदान’ या शब्दाच्या जागी ‘पेक्षा जास्त’चे चिन्ह पडले होते. ते पुसून ‘जास्त किंवा समान’चे घातले, तेव्हा त्याही शाळेला शिक्षक मिळाला.